ऑफिसच्या फोनवरचे लाल-हिरवे दिवे काय सांगतात? पुण्यात नव्या नोकरीवर जाणाऱ्यांनी हे वाचाच

पुणे : जुन्नर, भोर, इंदापूरकडची पोरं-पोरी पुण्यात नोकरीला लागतात तेव्हा पहिल्या दिवशी टेबलावर दोन वस्तू दिसतात. एक संगणक. तो कॉलेजात किंवा एमएस-सीआयटीच्या क्लासला हाताळलेला असतो. दुसरी वस्तू म्हणजे ऑफिसचा फोन, आणि तो कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत. वर छोटी स्क्रीन, तिच्याखाली नाव नसलेली चार बटणे, बाजूला दहा-बारा बटणांची रांग, प्रत्येकाजवळ एक दिवा. काही लाल, काही हिरवे, एखादा लुकलुकणारा. जुना माणूस जाता जाता सांगतो, "काही नाही, ट्रान्सफर करायचं आणि ठेवायचं." झालं प्रशिक्षण.

दिवसभर हातात स्मार्टफोन असणाऱ्याला हा फोन जमेना, असं कसं? पण तसंच होतं आणि त्यात कमीपणा काही नाही. दोन्ही यंत्रांची रीतच वेगळी आहे. मोबाईल एकाच माणसाचा असतो. ऑफिसचा फोन मात्र सगळ्या ऑफिसचा मिळून एक असतो, तुमच्या टेबलावर त्याचं फक्त एक टोक असतं.

चुकीचं बटण दाबलं तर फोन बिघडत नाही. नुकसान होतं ते पलीकडच्या माणसाचं. तो शेताच्या बांधावरून, एसटी स्टँडवरून नाहीतर दवाखान्याच्या दारातून फोन लावतो. चार वेळा "बिझी" ऐकल्यावर पाचव्यांदा लागतो, तो आपलं काम पहिल्यापासून सांगतो, इकडून "एक मिनिट हं" म्हणतात आणि टूं-टूं-टूं. पुन्हा फोन लावला तर दुसराच कोणी उचलतो. अखेर तो माणूस अर्धा दिवस मोडून, तिकीट काढून स्वतः पुण्याला येतो. पुष्कळदा यात कोणाचा उद्दामपणा नसतो, फक्त दिवा वाचता आलेला नसतो.

एवढी बटणे कशाला?

ऑफिसात माणसे पन्नास असली तरी बाहेरच्या लाइनी पन्नास घेत नाहीत, थोड्याच घेतात. मध्ये एक पेटी असते, तिला ईपीएबीएक्स म्हणतात. बाहेरून आलेला कॉल कोणत्या टेबलावर द्यायचा हे ती ठरवते. प्रत्येक टेबलाला तीन किंवा चार आकडी नंबर असतो, ते एक्स्टेन्शन. लोक ज्याला "बोर्ड नंबर" म्हणतात तो या पेटीचा मुख्य नंबर.

या पेटीची आणि आपल्या गावाकडच्या फोनची नातीगोती जवळची आहेत. १९८४ साली केंद्र सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. तिथल्या इंजिनिअरांनी खेड्यांसाठी छोटं एक्स्चेंज बनवलं, जे उन्हाळ्यात एसीशिवाय चालेल असं. त्यातलं पहिलं १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. गावासाठी एक्स्चेंज आणि ऑफिससाठी ईपीएबीएक्स, दोघांचं मूळ काम एकच : आलेला कॉल योग्य घरी पोचवायचा.

आता बऱ्याच ठिकाणी आयपी फोन आले आहेत. ते इंटरनेटच्या केबलवर चालतात आणि पुष्कळदा वीजही त्याच केबलमधून घेतात. म्हणून झाडताना केबल निघाली की फोन पूर्ण बंद पडतो. शिवाय कित्येक ठिकाणी संगणकाचं नेटसुद्धा फोनमधूनच पुढे गेलेलं असतं. फोनची वायर ओढली आणि शेजारच्या मॅडमचं नेट गेलं, तर कारण हेच.

स्क्रीन आधी वाचा

फोन शांत असताना स्क्रीनवर वेळ, तारीख आणि तुमचा एक्स्टेन्शन नंबर दिसतो. तो नंबर पहिल्याच दिवशी पाठ करा. "माझा एक्स्टेन्शन काय हो?" असं शेजाऱ्याला विचारणारी माणसे वर्षभरानंतरही सापडतात.

स्क्रीनच्या खालच्या कडेला तीन-चार शब्द असतात आणि प्रत्येक शब्दाच्या बरोबर खाली एक कोरं बटण. नवशिक्याचा घोटाळा इथेच होतो, कारण या बटणांचा अर्थ बदलत राहतो. जुन्या एटीएम मशीनला स्क्रीनच्या बाजूने बटणे असायची. एकच बटण कधी "शिल्लक पाहा" तर कधी "पैसे काढा" व्हायचं. तसंच हे. फोन शांत असताना त्या बटणांवर मागचे कॉल, नावांची यादी, मेनू असं काही असतं. कॉल चालू झाला की त्याच जागी होल्ड, ट्रान्सफर, कॉन्फरन्स आणि कॉल संपवा हे येतात. म्हणजे सकाळी ज्या बटणाने मेनू उघडला, त्याच बटणाने दुपारी चालू कॉल तुटू शकतो. बोट सवयीने न्यायचं नाही. दाबण्याआधी बटणाच्या वरचा शब्द वाचायचा, बस्स.

वरच्या कोपऱ्यातल्या बारीक खुणांकडेही बघा. पाकीट म्हणजे कोणीतरी निरोप रेकॉर्ड करून ठेवलाय. वाकडा बाण म्हणजे या फोनचे कॉल दुसरीकडे वळवले आहेत. गोलात आडवी रेघ किंवा डीएनडी ही अक्षरे म्हणजे "त्रास देऊ नका" चालू आहे, आणि मग फोन वाजतच नाही. यातली कुठलीही खूण दिसली आणि ती कोणी लावली हे माहीत नसेल, तर विचारून काढून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी वळवलेला फोन सोमवारी दुपारपर्यंत वळलेलाच राहतो. टेबलावरचा माणूस म्हणतो, "आज फोनच नाही बुवा." आणि तिकडे वॉचमनच्या केबिनमध्ये फोन वाजून वाजून थकलेला असतो.

आणखी एक गोष्ट. ऑफिसातल्या माणसाचा कॉल आला तर त्याचं नाव दिसतं, कारण ते पेटीत भरून ठेवलेलं असतं. बाहेरच्याचा बहुतेक वेळा फक्त नंबर दिसतो. त्या नंबरावर आंधळा विश्वास टाकू नका, स्क्रीनवर खोटा नंबर उमटवता येतो. बँकेतून बोलतोय, मंत्रालयातून बोलतोय म्हणून कोणाची माहिती मागितली तर फोन ठेवा आणि तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः लावून खात्री करा.

दिव्यांची भाषा

बाजूच्या रांगेतली बटणे दोन कामांची असतात. काही बटणे लाइनीची, म्हणजे तुमचा स्वतःचा कॉल ज्यावर येतो ती. उरलेली प्रोग्राम करता येणारी, म्हणजे त्यांचं काम आपण ठरवायचं. त्यात सगळ्यात उपयोगी बटण म्हणजे दुसऱ्या टेबलाचं. त्यावर सहकाऱ्याचा एक्स्टेन्शन बसवला की दाबल्यावर त्याला फोन जातो, हे तर झालंच. पण न दाबताही ते बटण बोलतं. बऱ्याच फोनवर दिवा हिरवा असेल तर तो माणूस फोनवर नाही. लाल असेल तर बोलतोय. लाल लुकलुकत असेल तर त्याच्याकडे रिंग वाजतेय आणि अजून कोणी उचललेली नाही.

पुष्कळांना लाल दिवा म्हणजे बिघाड वाटतो. बिघाड नाही, तो निरोप आहे : "आत्ता इकडे कॉल पाठवू नका." मात्र हिरवा म्हणजे साहेब खुर्चीत बसलेत असंही नाही. त्यांचा फोन मोकळा आहे, एवढंच. साहेब चहाला गेलेले असू शकतात.

आता अडचण अशी की रंगांचा कायदा सगळ्या कंपन्यांचा सारखा नाही. सिस्कोच्या बऱ्याच फोनवर येणारा कॉल पिवळसर लुकलुकतो, चालू कॉल स्थिर हिरवा आणि होल्डवरचा कॉल लुकलुकता हिरवा दिसतो. काही कंपन्यांच्या फोनवर दुसऱ्या कोणी लाइन वापरत असेल तर लाल आणि तुम्ही वापरत असाल तर हिरवा. म्हणून या लेखातले रंग पाठ करून उपयोग नाही. त्यापेक्षा पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजाऱ्याला सोबत घ्या. त्याला फोन लावा आणि दिवा बघा. त्याला उचलायला सांगा, पुन्हा बघा. होल्ड करा, बघा. पाच मिनिटांत तुमच्या फोनची भाषा तुम्हाला कळते.

थोडक्यात, स्थिर दिवा स्थिती सांगतो आणि लुकलुकणारा दिवा तुमच्याकडून काहीतरी मागतो. कोणीतरी वाट बघतंय, मग ते रिंगवर असो नाहीतर होल्डवर.

साहेबांची ट्रान्सफर झाली, बटणाची नाही

प्रोग्राम करायच्या बटणावर काय काय बसवता येतं? सहकाऱ्याचा एक्स्टेन्शन, नेहमीचा बाहेरचा नंबर, कॉल वळवणे, डीएनडी, आणि "पिकअप", म्हणजे शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या जागेवरून उचलणे. हे शेवटचं फार कामाचं आहे. शेजारचे भाऊसाहेब जागेवर नाहीत आणि फोन वाजतोय, तर उठून धावायची गरज नाही. कित्येक ऑफिसांत ही सोय असते, पण कोणी वापरत नाही.

बटण बसवायचं कोणी? काही फोनवर ते बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं की स्क्रीनवर विचारणा होते आणि आपणच नंबर भरू शकतो. काही ऑफिसांत हे काम फक्त फोनची व्यवस्था बघणारा माणूस संगणकावरून करतो. मग त्याला एकदाच नीट यादी लिहून द्या. सगळ्या जगाचे नंबर बसवू नका. दिवसाला ज्यांना चार-पाच वेळा कॉल द्यावा लागतो तेवढेच ठेवा.

बटणाला नाव द्यायचं तर माणसाचं देऊ नका, टेबलाचं द्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्या फोनवर बटणाशेजारी प्लॅस्टिकखाली कागदाची पट्टी असते आणि तिच्यावर पेनाने लिहिलेलं असतं "देशमुख साहेब". देशमुख साहेबांची बदली होऊन तीन वर्षं झाली, त्यांच्या खुर्चीत दुसऱ्या बाई आल्या, मधल्या काळात तो एक्स्टेन्शनही दुसऱ्या खोलीत गेला. पट्टी मात्र तीच. नवीन मुलगा विश्वासाने ते बटण दाबतो आणि पेन्शनचा कॉल जातो आवक-जावक टेबलावर. त्यापेक्षा "पेन्शन", "बांधकाम", "बिलं", "केसपेपर" असं लिहा. नव्या फोनवर हीच नावे स्क्रीनवर दिसतात, पण ती जुनी होण्याचा रोग तिथेही आहेच.

कॉल देण्याची रीत

मुख्य गोष्ट ही. कॉल पुढे देण्याच्या दोन पद्धती असतात आणि बहुतेक तक्रारी त्यातल्या एकीमुळे होतात.

पहिली आंधळी. ट्रान्सफर दाबलं, नंबर दाबला, सोडून दिलं. पलीकडे कोणी उचललं की नाही हे तुम्हाला कळत नाही. कोणी नसेल तर फोन वाजत राहतो. मग व्यवस्था जशी लावली असेल तसा तो परत तुमच्याकडे येतो, रेकॉर्डिंगवर जातो किंवा तुटतो.

दुसरी विचारून. ट्रान्सफर दाबलं की गावाकडचा माणूस होल्डवर जातो, त्याला संगीत ऐकू येतं. तुम्ही पलीकडचा एक्स्टेन्शन लावता आणि बोलता, "मॅडम, शिरूरहून एक आजोबा आहेत, विहिरीच्या बिलाचं विचारतायत, फाइल पंचायत समितीतून आलीय म्हणतात, देऊ का?" मॅडम हो म्हणाल्या की पुन्हा ट्रान्सफर दाबायचं किंवा रिसीव्हर ठेवायचा. दोघे जोडले जातात. यात अर्धा मिनिट जास्त लागतो, पण आजोबांना आपली कहाणी पुन्हा सांगावी लागत नाही. मॅडम नाही म्हणाल्या किंवा उचललंच नाही, तर स्क्रीनवर रद्द करण्याचा शब्द असतो. तो दाबून किंवा लुकलुकणारं लाइनीचं बटण दाबून आजोबांकडे परत यायचं.

घाई असेल, पाच लाइनी वाजत असतील, तर आंधळी पद्धत वापरा, ना नाही. पण आधी त्या टेबलाचा दिवा बघा. लाल दिव्यावर आंधळा कॉल टाकणं म्हणजे बंद दारावर पाहुणा सोडून येणं.

आणि कुठल्याही पद्धतीने देताना आधी एवढं सांगाच : "मी तुम्हाला २१४ ला जोडतोय, कट झाला तर पुन्हा लावून २१४ मागा." माणसाच्या हातात काहीतरी राहतं.

होल्ड आणि म्यूट यातला फरकही इथेच सांगतो. होल्ड केल्यावर पलीकडच्याला संगीत किंवा थांबून थांबून टोन येतो, म्हणजे आपण लाइनीवर आहोत हे त्याला कळतं. म्यूट केलं तर तुमचा आवाज बंद होतो, त्याला नुसती शांतता ऐकू येते आणि तो "हॅलो, हॅलो" करून ठेवून देतो. थांबवायचं असेल तर होल्ड. म्यूट फक्त खोकला आला तर. तोंडाजवळचा भाग तळहाताने दाबून "अहो तो परत आलाय फोनवर" असं ओरडणाऱ्यांना आम्ही सांगतो : तळहातातून सगळं ऐकू जातं. तसंच होल्ड करून रिसीव्हर जागेवर ठेवला तर काही फोनवर कॉल टिकतो, काहींवर तुटतो. आपल्या फोनचं काय होतं ते शेजाऱ्यावर करून बघा, बाहेरच्या माणसावर नको.

किरकोळ पण नेहमीच्या दोन तक्रारी. "फोन वाजतच नाही" : बहुतेक फोनवर आवाजाचं बटण फोन शांत असताना दाबलं की रिंग कमी-जास्त होते, बोलताना दाबलं की बोलण्याचा आवाज. कोणीतरी शांत असताना दाबून रिंग शून्यावर नेलेली असते. "उचलला पण ऐकूच येत नाही" : हेडसेटच्या बटणाचा दिवा लागलेला असतो आणि हेडसेट खणात पडलेला असतो.

बाहेर लावताना शून्याचा हिशेब

ऑफिसातून बाहेर फोन लावायला आधी एक आकडा दाबावा लागतो. कुठे ०, कुठे ९, काही नव्या व्यवस्थांत काहीच नाही. त्यानंतर खरा नंबर. पुण्यातला लँडलाइन नंबर आठ आकडी, तो पुण्यातूनच लावताना ०२० नको. बारामतीचा असेल तर ०२११२ लागणार. आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाईलला लावताना आधी ० लावावा लागतो. म्हणजे जिथे बाहेरच्या लाइनीलाही ० आहे, तिथे मोबाईलसाठी दोन शून्ये : एक पेटीसाठी, एक नियमासाठी. "मोबाईल लागतच नाही इथून" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा या दुसऱ्या शून्यात असतं.

हा पहिला आकडा नुसत्या सोयीचा प्रश्न नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या एका मोटेलमध्ये एका बाईवर हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून तिथला पोलिसांचा ९११ हा नंबर चार वेळा फिरवला. लागला नाही, कारण त्या फोनवर बाहेरच्या लाइनीसाठी आधी ९ दाबावा लागत होता आणि हे त्या लेकराला माहीत नव्हतं. आई गेली. पुढे तिच्या नावाने, "कॅरीचा कायदा" म्हणून, २०१८ मध्ये तिथे कायदा झाला : अशा नव्या फोन व्यवस्थेत ९११ कुठल्याही आगाऊ आकड्याशिवाय थेट लागला पाहिजे.

आपल्याकडे तो नंबर ११२. तुमच्या ऑफिसच्या, दवाखान्याच्या, कंपनीच्या गेटवरच्या फोनवरून तो थेट लागतो की आधी ० दाबावा लागतो? उगाच लावून बघू नका, तिकडे खरी माणसे बसलेली असतात. फोनची व्यवस्था बघणाऱ्याला विचारा आणि उत्तर कागदावर लिहून फोनला चिकटवा. रात्रपाळीच्या वॉचमनसाठी तर हे आधी करा, कारण त्या वेळी विचारायला कोणी नसतं.

गावाकडून लावणाऱ्यांसाठी

तुमचं काम ज्या टेबलावर आहे त्याचा एक्स्टेन्शन पहिल्याच कॉलमध्ये मागून घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. काही ठिकाणी फोन लागताच रेकॉर्डिंग एक्स्टेन्शन दाबायला सांगतं. त्या वेळी मोबाईल कानापासून दूर घ्या, स्क्रीनवर आकड्यांची खूण असते, ती उघडा आणि आकडे दाबा. प्रत्येक आकड्याचा सूर वेगळा असतो, त्या सुरावरून तिकडची पेटी आकडा ओळखते.

नेहमीच लावावा लागत असेल तर आणखी सोपं आहे. नंबर सेव्ह करताना शेवटी एक स्वल्पविराम टाका आणि त्याच्यापुढे एक्स्टेन्शन लिहा. स्वल्पविराम नंबरांच्या पानावर दिसला नाही तर तिथल्या मेनूत "विराम" शोधा. एका विरामाला मोबाईल साधारण दोन सेकंद थांबतो आणि मग एक्स्टेन्शनचे आकडे आपोआप पाठवतो. रेकॉर्डिंग लांबलचक असेल तर दोन-तीन विराम टाका.